पोरांची भिशी

आमच्या लेकीने शाळेत सगळ्या वर्गासमोर उभं राहून सांगितलं की, आपली आई आणि तिच्या मैत्रिणी महिन्यातून एकदा रविवारी जुगार खेळतात. मला हे कळलं ते पेरेंट्स ईव्हनिंगला, लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलेली असताना. बाईंनी आधी लेकीच्या वाचनाचं कौतुक केलं, मग स्पेलिंगबद्दल थोडी काळजी व्यक्त केली, आणि मग घसा साफ करून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. इंग्रज माणूस घसा साफ करून घरचं विचारायला लागला की समजावं, काहीतरी भलतंच त्याच्या कानावर गेलंय.

लेकीने त्यांना सगळं तपशीलवार सांगितलं होतं. दहा आंट्या येतात. प्रत्येक आंटी एका डब्याशेजारी दहा पाउंडाची नोट ठेवते. डब्यात चिठ्ठ्या असतात, त्यातली एक लेक स्वतः काढते, आणि जिचं नाव निघेल ती सगळे पैसे घेऊन जाते. मग सगळ्या वडे खातात. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांना हसू आवरेना, म्हणून ते भिंतीवरची मुलांची चित्रं बघायला उठून गेले. मी मात्र लालबुंद झाले आणि मोडक्या इंग्रजीत भिशी समजावून सांगायला लागले. की बाई, हा जुगार नाही, ही बचत आहे. दहा महिने सगळ्यांनी सारखे पैसे भरायचे, दर महिन्याला एकीला सगळी रक्कम मिळते, आणि जिला एकदा मिळाली तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. वर्षअखेर सगळ्या सारख्याच.

बाईंना हे आवडलं असावं, कारण त्या पुढे सरकून प्रश्न विचारायला लागल्या. व्याज असतं का? नाही. पावती? नाही. मग त्यांनी विचारलं, पहिल्यांदा पैसे मिळालेल्या बाईने नंतर भरायचं बंद केलं तर? मी म्हटलं, असं होत नाही. बाई म्हणाल्या, पण झालं तर? मी पुन्हा म्हटलं, असं होत नाही. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. आमच्यात तसं कधी झालंच नव्हतं आणि होईल असा विचारही कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची, बर्मिंगहॅमची. आम्ही दहाजणी पुण्या-मुंबईकडच्या, सगळ्या नोकरी करणाऱ्या. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. भिशी हे निमित्त, खरं म्हणजे महिन्यातून एकदा पोटभर मराठी बोलायला मिळावं म्हणून आम्ही जमायचो. पण त्या निमित्तातूनच माझं शिवणयंत्र आलं होतं आणि एकीचं भारताचं तिकीटही निघालं होतं.

घरी आल्यावर मी लेकीला विचारलं, बाई गं, तुला भिशी म्हणजे नेमकं काय वाटतं? ती दहा वर्षांची होती. तिने जराही न अडखळता सांगितलं, "तुम्ही पैसे टाकता आणि लकी असलं तर मिळतात. तुला दोनदा मिळाले ना? यू आर रिअली लकी, आई."

मला धक्काच बसला. ज्या शिवणयंत्रासाठी मी दहा महिने लंचला घरचा डबा नेला, नवा कोट घ्यायचा टाळला, ते माझ्या पोरीच्या मते नशिबाने आलं होतं. आणि चूक तिची तरी कशी म्हणायची? चार वर्षांची असल्यापासून ती आमच्या चिठ्ठ्या काढत होती. तिने आम्हाला पैसे उचलताना पाहिलं होतं, साठवताना कुणी दाखवलंच नव्हतं.

तिला पैशाचं वळण लावायचं काम तोवर ह्यांच्याकडे होतं. त्यांनी तिच्या जन्मानंतर बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे तिकडच्या बचतीच्या बँकेत, तिच्या नावाचं खातं उघडलं होतं आणि दर वर्षी वाढदिवसाला पासबुक काढून ते तिला व्याज दाखवायचे. एका वर्षी तिने बराच वेळ त्या आकड्याकडे बघितलं आणि विचारलं की म्हणजे वर्षभर थांबलं की इतकेच मिळतात का? हे म्हणाले, हो. तिने पासबुक मिटून त्यांच्या हातात दिलं आणि आइस्क्रीमच्या गाडीचं गाणं ऐकू आलं म्हणून धावत सुटली. आठवड्याला पन्नास पेन्स पॉकेटमनी मिळायचा, तो शनिवारी दुपारपर्यंत चॉकलेट-गोळ्यांच्या कागदी पिशवीत आणि त्या गाडीवाल्याकडे जमा झालेला असायचा.

मी ठरवलं की पोरांची भिशी काढायची.

पुढच्या रविवारी मैत्रिणींसमोर विषय काढला तर निम्म्या हसल्या. एक म्हणाली, भांडतील. दुसरी म्हणाली, आपली पोरं दुसऱ्या दिवशी विसरतील. पण आठ ते बारा वयाची बरोबर दहा पोरं आमच्यात निघाली, आणि दहा हा आकडा जमला म्हटल्यावर भिशीवाल्या बायकांना मोह आवरत नाही. महिन्याला एक पाउंड ठरला. नियम पोरांनीच करायचे असं मी सुचवलं, आणि पोरं आमच्यापेक्षा कडक निघाली. पैसे स्वतःचे पाहिजेत, आईबाबांकडून आयत्या वेळी मागायचे नाहीत. उसने घेऊन भरायचे नाहीत. काम करून मिळवले तर चालतील. डबा मी दिला, माझा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. एरवी त्यात शेंगदाण्याचं कूट असायचं, त्यामुळे चिठ्ठ्यांना कायम त्याचा वास यायचा.

सप्टेंबरात पहिली चिठ्ठी निघाली ती आमच्याच लेकीची. तिने अशी काही उडी मारली की खालच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं ते बरं. मला वाटलं, आता दहा पाउंडांचं काय करायचं यावर विचार वगैरे होईल. कसला विचार नि कसलं काय. पुढच्या शनिवारी ती ह्यांना घेऊन मार्केटमध्ये गेली आणि रोलर बूट घेऊन आली. पांढरे, लाल चाकांचे, बरोबर दहा पाउंडांचे. आठवडाभर ती चालली म्हणून नाहीच, सगळीकडे घरंगळतच होती.

ऑक्टोबरची भिशी आली. मी म्हटलं, पाउंड घेतलास का? ती म्हणाली, कशाला?

"भिशीचा."

"पण मी तर जिंकले ना, आई. आय ऑलरेडी वन. आता बाकीच्यांनी भरायचे."

मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. माझ्या पर्समधली चिल्लर काढून दहा नाणी मांडली. यातलं एक तुझं, म्हटलं, आणि ही नऊ बाकीच्या नऊ जणांची. त्यांनी तुला दिली, म्हणून बूट आले. आता त्या प्रत्येकाला त्याच्या पाळीला तुझं एक एक परत मिळायला हवं. ती नाण्यांकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. आधी राग, मग हिशोब, आणि मग हळूहळू पडलेला उजेड.

"म्हणजे हे बूट मी अजून विकत घेतलेच नाहीयेत?"

मी म्हटलं, एक घेतलास. सप्टेंबरच्या पाउंडात एक बूट झाला. आज दुसरा होईल. मग आठ चाकं राहतील. हे मी आपलं तोंडाला येईल ते बोलून गेले होते, पण हिशोब जुळला आणि तिच्या डोक्यात तो पक्का बसला. त्या दिवशी तिने रडून, नाक ओढून, धिस इज सो अनफेअर असं चारदा म्हणून पाउंड भरला. पण भरला. नोव्हेंबरात भरताना ती मोठ्याने म्हणाली, हे पहिलं चाक. बाकीच्या पोरांना काही कळेना.

त्या हिवाळ्यात आमची गाडी सगळ्या रस्त्यात स्वच्छ होती. ती धुण्याचे ह्यांनी तीस पेन्स ठरवले होते आणि लेक पाऊस पडून गेल्यावरही बादली घेऊन उभी राहायची. शेजारी एक इंग्लिश आजी एकट्या राहत. त्यांच्या बागेतलं गवत उपटायचं, दुकानातून ब्रेड आणून द्यायचा, हे काम लेकीने स्वतः जाऊन मिळवलं. आजी तिला बर्मिंगहॅमच्या पद्धतीने बॅब, म्हणजे बाळ, म्हणत आणि वीस पेन्स देताना इतका विचार करत की मला त्या आमच्यातल्याच वाटायच्या. तिकडे पडलेला दात पोरं उशीखाली ठेवतात आणि रात्री परी येऊन त्याच्या जागी नाणं ठेवते; डिसेंबरात लेकीची एक दाढ पडली, तर उशीखाली चक्क दोन पाउंड निघाले. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ते वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेले. मी म्हटलं, परीने यंदा भाव फारच वाढवलाय. लेक नंतर मला हळूच म्हणाली की परी कोण आहे ते तिला दोन वर्षांपासून माहितीये, पण ती काही बोलणार नाहीये.

आता दुसऱ्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. आमच्या दहा पोरांत लेकीच्याच वर्गातली एक होती, दोन घट्ट वेण्या घालणारी, कमी बोलणारी. तिचे वडील कामाला होते तो कारखाना त्याच वर्षी बंद झाला होता आणि ते घरी बसून होते. आई एका शाळेच्या किचनमध्ये जायची. आमच्या बायकांच्या भिशीतही ती होती आणि तिने एकदाही पैसे द्यायला उशीर केला नाही. अशा बाईला मदत करायची म्हटलं तर तिला न दुखवता कशी करावी हे कुणालाच जमत नव्हतं. तिच्या वेण्यावाल्या मुलीची चिठ्ठी काही निघत नव्हती. महिन्यामागून महिने गेले. पोरांना पैसे मिळत गेले, कुणी कॅसेट प्लेयरसाठी ठेवले, कुणी फुटबॉलचे बूट घेतले. ती दर वेळी डब्याकडे बघायची, नाव दुसऱ्याचं निघालं की टाळी वाजवायची आणि आपला पाउंड ठेवून वडा खायला जायची. मे महिन्यात डब्यात दोनच चिठ्ठ्या होत्या, आणि निघाली ती दुसरीच.

घरी येताना गाडीत लेक गप्प होती. ती गप्प म्हणजे एक तर ताप, नाही तर काहीतरी मोठं. शेवटी तिने सांगितलं. त्यांच्या वर्गाची ट्रिप वेल्सला जाणार होती, पाच दिवस. आम्ही लेकीचे पैसे केव्हाच भरून मोकळे झालो होतो. वेण्यावालीच्या आईवडिलांनी हप्त्याहप्त्याने भरत आणले होते आणि शेवटचे दहा पाउंड राहिले होते. ते भिशीतून यायचे होते. जूनच्या भिशीनंतरच्या सोमवारी शेवटची मुदत होती.

"पण तू तिच्या आईला सांगायचं नाही, हं. प्रॉमिस. शी मेड मी प्रॉमिस."

मी प्रॉमिस दिलं आणि मला लगेच पश्चात्ताप झाला. माझ्या पर्समध्ये दहा पाउंड होते आणि ते देण्याचा एकही सरळ रस्ता नव्हता. पण म्हटलं, असू दे, महिन्याचा तर प्रश्न आहे. पोरं पैसे भरतातच. लेकीचीही सात चाकं झाली होती, एकच राहिलं होतं. लेकीने तर जूनचा पाउंड दोन आठवडे आधीच जमवून जॅमच्या बरणीत ठेवून दिला होता.

भिशीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शाळेची समर फेअर होती. इंग्लंडात वर्षातून जे चार दिवस खरं ऊन पडतं त्यातला तो एक. लेक संध्याकाळी घरी आली ती लाल गालांची आणि खुशीत. हातपाय धुतले, जेवायला बसली, आणि दोन घास खाल्ल्यावर तिचा हात मध्येच थांबला. उठून तिने बरणी बघितली. बरणी रिकामी होती. सकाळी तिनेच त्यातला पाउंड खिशात टाकला होता, हरवू नये म्हणून म्हणे.

काय झालं ते हळूहळू बाहेर आलं. आइस्क्रीमची गाडी मैदानात आली होती. सगळ्या मुली रांगेत. वेण्यावाली बाजूला झाडाखाली जाऊन उभी राहिली, आपल्याला नकोच आहे असं दाखवत. लेकीने दोन नाइन्टी-नाइन घेतली, म्हणजे चॉकलेटची कांडी खोचलेली आइस्क्रीम, एक स्वतःला आणि एक तिला. झाला पाउंड.

"आई, मला एक पाउंड लोन देशील? पॉकेटमनीतून कट कर."

मी म्हटलं, उसने घेऊन भरायचे नाहीत, हा नियम तुम्हीच केलाय.

"पण ते आइस्क्रीम तर तिनेच खाल्लं," ती म्हणाली, आणि मग स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण ती रडायला लागली. माझ्या मनात हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. तिने त्या मुलीच्याच पैशातून त्या मुलीला आइस्क्रीम खाऊ घातलं होतं, आणि तेही निव्वळ प्रेमापोटी. तिला ओरडणार तरी कशावर?

ती वर झोपायला गेल्यावर हे माझ्यावर उखडले. आमचे हे सहसा उखडत नाहीत, पण लेकीच्या बाबतीत त्यांचा लगेच पारा चढतो. दहा वर्षांच्या पोरीला एका पाउंडासाठी रडवायचं, हे कसलं शिकवणं, ते म्हणाले. मी म्हटलं, प्रश्न एका पाउंडाचा नाही. ते म्हणाले, मग कशाचा आहे? पहिल्या दिवशी मौज करून घेतली आणि शेवटच्या दिवशी आईने निस्तरलं, एवढंच तिच्या लक्षात राहील, ही माझी भीती होती. मग पुन्हा नशीबच की. तिकडे त्या मुलीची ट्रिप अडणार नव्हती, तेवढी मी कठोर नव्हते. मी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक पाउंड बाजूला काढून ठेवला होता, वेळ आलीच तर गुपचूप डब्याशेजारी सरकवायला. पण तो सरकवावा लागला तर माझी सगळी पोरांची भिशी फुकट गेली, हेही मला ठाऊक होतं. त्या रात्री मला काही धड झोप लागली नाही.

रविवारची भिशी आमच्याकडे होती. सकाळी मी बटाटे उकडायला ठेवले तर लेक जिना उतरून आली, हातात रोलर बूट. ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेले. वसंतापासूनच ते तिच्या पायाला टोचायला लागले होते, पण ती कबूल करत नव्हती.

"आज क्रिकेटच्या ग्राउंडवर कार बूट सेल आहे ना?" तिने विचारलं. हा सेल म्हणजे लोक आपल्या मोटारीच्या डिकीत घरातल्या जुन्या वस्तू भरून आणतात आणि मैदानात मांडून विकतात. शेजारच्या आजी आपल्या भाच्याच्या गाडीतून कपबशा घेऊन तिथे जाणार होत्या. त्यांच्या टेबलाचा एक कोपरा लेकीने आधीच मागून ठेवला होता. सकाळी आठ वाजता, आम्हाला न विचारता.

मला घरी ढीगभर कामं होती, वीस माणसांचे वडे व्हायचे होते. तरी गॅस बंद करून मी गेले, कारण हे फार उत्साहाने "मी नेतो, मी नेतो" करत होते, आणि मी माझ्या नवऱ्याला ओळखते. माझा संशय खरा निघाला. दहा मिनिटांत ते गवत कापायचं यंत्र विकणाऱ्या एका उंच माणसाशी कुजबुजताना सापडले. त्याच्या हातात पाउंड देऊन त्याला सांगत होते की त्या कोपऱ्यातल्या मुलीकडून बूट विकत घे, आणि बूटही तूच ठेव. मी त्यांना बाहीला धरून चहाच्या गाडीपाशी नेऊन उभं केलं आणि तिथून हलायचं नाही असं बजावलं. तो उंच माणूस मोठा समजूतदार, त्याने पाउंड परत दिला.

लेकीने कागदावर दोन पाउंड लिहून बूट मांडले होते. लोक येत, आजींच्या कपबशा उलट्या करून बघत आणि पुढे जात. तासाभराने तिने दोन खोडून दीड केले. मग एक. अकराच्या सुमाराला एक बाई आपल्या नातीला घेऊन आल्या. नात सातेक वर्षांची, तिला बूट अगदी बरोबर बसले. त्या बाईंनी पन्नास पेन्स काढले.

लेक म्हणाली, एक पाउंड. बाई म्हणाल्या, जुने आहेत, बॅब. लेक म्हणाली, हो, जुने आहेत, आणि पुढचं डावं चाक जरा अडतं, त्याला तेल घालावं लागेल. मी कपाळाला हात लावला. विकायला बसलीय आणि खोट स्वतःच सांगतेय. बाई हसल्या आणि साठ म्हणाल्या.

"आय कान्ट," लेक म्हणाली. "त्यातलं लास्ट व्हील माझं नाहीये." हे तिने घाईत मराठीतच म्हटलं, मग भानावर येऊन इंग्रजीत सांगितलं की सॉरी, तो पाउंड दुसऱ्या कुणाचा तरी आहे. बाईंना काही अर्थबोध झाला नाही. त्यांनी नातीच्या पायातले बूट काढले, तिचा हात धरला आणि निघून गेल्या.

मला वाटलं संपलं. चहाच्या गाडीपाशी हे डोक्याला हात लावून उभे होते. आजींनी लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि अडून राहा म्हणाल्या. लेकीने बूट पुन्हा नीट मांडले, नाड्या आत खोचल्या आणि समोर बघत उभी राहिली. ती रडली मात्र नाही. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मीच जाऊन बूट विकत घेतले असते.

अख्ख्या मैदानाला फेरी मारून त्या बाई परत आल्या. खरं म्हणजे नात त्यांना ओढत घेऊन आली. पूर्ण एक पाउंड दिला. लेकीने नाणं मुठीत घट्ट धरलं आणि खाली बसून त्या लहानीला नाडी कशी बांधायची ते दाखवलं.

दुपारी घर माणसांनी भरलं. वडे उशिरा झाले, पण कुणी तक्रार केली नाही. पोरांनी डब्याभोवती नाणी ठेवली. लेकीने आपलं ठेवताना माझ्याकडे न बघता म्हटलं, "आठवं." हे खिडकीकडे तोंड करून उगाचच पडदा नीट करायला लागले. डब्यात एकच चिठ्ठी होती, तेव्हा कुणीतरी म्हणालं की आता काढायची काय गरज, देऊन टाका. वेण्यावाली पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"नाही, काढायची ना."

तिने झाकण उघडलं, हात घातला, चिठ्ठी उलगडली आणि स्वतःचं नाव स्पष्ट वाचून दाखवलं. पोरांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की तिची आई स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आली. तिने मुलीच्या ओंजळीतली दहा नाणी बघितली, पदराला हात पुसले आणि परत कढईकडे वळली. मी तिच्या शेजारी जाऊन वड्यांचे गोळे करायला लागले. माझ्या पर्समधला तो बाजूला काढलेला पाउंड नंतर कितीतरी दिवस तसाच होता.

दोघी मुली वेल्सला गेल्या. पाचही दिवस पाऊस पडला आणि दोघी सर्दी घेऊन परत आल्या. त्यानंतर पोरांची भिशी आणखी तीन वर्षं चालली, मग पोरं मोठी झाली आणि शनिवारच्या नोकऱ्या करायला लागली.

नव्वदच्या दशकात लेक मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत गेली. जाताना माझा स्टीलचा डबा मागून नेला. मला आनंद झाला, म्हटलं कूट करून खाईल, घरची चव लागेल. दुसऱ्या वर्षी ती पाच मुलींबरोबर एका भाड्याच्या घरात राहायला लागली, तेव्हा मी तिला भेटायला गेले. घर बघून मी आधी केरसुणी शोधली, पण ते असो. फ्रिजवर माझा डबा होता. उघडला तर कुटाचा मागमूस नाही, आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. ती म्हणाली, भिशी. सहा जणी मिळून महिन्याला दहा पाउंड. एक आयरिश होती, एक ग्लासगोची, एक नायजेरियन, आणि सगळ्या त्याला भिशीच म्हणत होत्या.

मी गंमत म्हणून चिठ्ठ्या उलगडून नावं वाचली. भिशी नुकतीच सुरू होणार होती, अजून एकही निघाली नव्हती. तरी चिठ्ठ्या पाचच होत्या. मी म्हटलं, अगं, तुझी कुठे आहे?

"माझी नाहीये. मी शेवटची. ते आधीच ठरलंय."

मला तिच्या शाळेतल्या त्या बाई आठवल्या, घसा साफ करणाऱ्या. त्यांनी मला दोनदा विचारलेला प्रश्न मी माझ्या लेकीला विचारला. म्हटलं, या मुलींना आपल्यातलं काही माहीत नाही. पहिल्यांदा पैसे मिळालेल्या मुलीने नंतर भरायचं बंद केलं तर?

तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण दाबून लावलं.

"म्हणून तर मी शेवटची आहे, आई. कुणी बुडवलं तर तिचे मी भरणार. कमी पडले तर मलाच पडतील."